सावरीखालचे तीन धोंडे

आमच्या चाळीच्या मंडळाचं हस्तलिखित निघतं, त्यात दरवर्षी एक प्रवासवर्णन असतं. कुणी काश्मीरला जाऊन येतो, कुणी अष्टविनायक करून येतो. गेल्या खेपेला एकाने लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर इंदूरला जाऊन सात पानं भरली, त्यातली पाच जेवणाची होती. यंदा सेक्रेटरी माझ्या मागे लागला. "तू फाल्गुनात वहिनींना घेऊन डोंगरात फुलं बघायला गेला होतास ना? लिही की. झकास होईल." मी म्हटलं, अरे, मुलुंडची चाळ ते मुलुंडचा डोंगर, दीड-दोन तासांची वाट, त्याचं कसलं प्रवासवर्णन? तर म्हणतो, "लिही रे, आपल्यातला कोण जातोय वर?"

हे साफ खोटं. चाळीतले बारा जण वर जाऊन आलेले आहेत आणि त्यात सेक्रेटरीही होता. फक्त ते फुलं बघायला गेले नव्हते. मीही नव्हतो. आता लिहायचंच म्हटलं तर सगळं लिहितो. घ्या नाहीतर बंबात घाला.

निघण्याआधी

वयनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. ती लग्न होऊन मालवणकडून आमच्या खोलीत आली तेव्हा मी नववीत होतो. चाळीतले सगळे मला आडनावाने हाक मारतात, ती 'बाबल' म्हणते. तिची मालवणी अजून गावासारखीच आहे. मला ती सगळी कळते, पण माझ्या तोंडातून ही अशी चाळीची मराठीच येते. त्यावरून ती मला आयुष्यभर चिडवत आली.

चौदा वर्षांपूर्वी वयनीला मुलगा झाला. बारशाची तयारी झाली होती, पाळणा शेजारून मागून आणला होता. आदल्या दिवशी सकाळी मुलाला ताप आला, दुपारी डॉक्टरकडे नेलं, दिवस मावळायच्या आत संपलं. नाव ठेवायचं राहिलं ते राहिलंच. तान्ह्या मुलाला जाळत नाहीत, पुरतात. चाळीतले वडीलधारे तात्या म्हणाले, डोंगरात न्या, तिथे कुणाची उठबस नाही. बायकांनी जायचं नाही, तेव्हा वयनी दारापर्यंत आली आणि तिला तिथेच धरून ठेवलं. दादा म्हणाला, तिसरा माणूस नको. आम्ही दोघेच गेलो.

खड्डा मी खणला. दादाने मूल आत ठेवलं आणि पाठ फिरवून उभा राहिला. त्याचे डोळे त्या दिवशी कशावरच नव्हते. नंतर कुणी ती जागा त्याला दाखवली असती तरी त्याला ओळखता आली नसती. माती मी लोटली. कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून ओढ्यातले तीन मोठे धोंडे आणून वर मांडले. डोक्यावर एक भलीमोठी सावर होती, काट्यांनी भरलेल्या खोडाची, पान एक नाही आणि नुसती लाल फुलं. तेव्हाही शिमगा जवळच आला होता.

घरी आल्यावर वयनीने एकच विचारलं, "खंय ठेवलास?"

मी सगळं सांगितलं. ओढ्याच्या काठी, मोठ्या सावरीखाली, तीन धोंडे मांडलेत. तिला जरा बरं वाटावं म्हणून पुढे म्हणालो, "शिमग्यात ती सावर फुलते वयनी. गॅलरीतून डोंगरावर लाल दिसेल बघ."

हे मी कशाला बोललो! त्यानंतर दर फाल्गुनात ती सकाळी गॅलरीत उभी राहून डोंगराकडे बघायची आणि मला विचारायची, "बाबल, आपली सावर फुलली काय रे?" मी म्हणायचो, फुलली. पुढे तिला मूल झालं नाही.

मग दादाच्या गिरणीत संप झाला. दादा घरी बसला, मग आजारी पडला आणि दोन वर्षांत गेला. गावच्या घरात आमची म्हातारी आई एकटी, तेव्हा यंदा वयनीने ठरवलं की शिमग्याआधी एसटीने गावी जायचं ते कायमचं. सामान बांधून झालं. भांडी माझ्या बायकोच्या हवाली केली. आणि मग मला म्हणाली, "बाबल, जावच्या आधी माका थंय एकदा न्हे. मी तेका बघलंयच नाय."

पण ती सावर तिथे नव्हती. सहा वर्षांपूर्वीच ती तोडली होती आणि तोडणाऱ्यांत मी होतो.

पाइपलाइन

रविवारी उजाडतानाच निघालो. कॉलनीची शेवटची बिल्डिंग मागे पडली की पाण्याची मोठी पाइपलाइन लागते. तिच्यावर चढून पलीकडे उतरलं की मुंबई संपते. खरंच संपते. अलीकडे भोंगे, घासलेटचा वास, दुधाच्या केंद्रासमोरची रांग. पलीकडे वाळकं गवत आणि कोंबड्यासारखा ओरडणारा कुठलासा पक्षी. चाळीतल्या निम्म्या लोकांना हे दहा मिनिटांवर आहे याचा पत्ता नाही.

पाइपवरून उतरताना वयनीच्या चपलेचा अंगठा तुटला. मी म्हटलं, परत फिरू या, पुढच्या रविवारी येऊ. माझ्या मनात आशाच होती. तिने पिशवीतून सुतळी काढून अंगठा बांधला आणि चालायला लागली. तिची पिशवी लहानशी होती. एका बाटलीत दूध आणि फडक्यात गुंडाळलेली एक कुंची, बारशाला घालायची म्हणून शिवलेली. मी ती कुंची चौदा वर्षांत कधी पाहिली नव्हती. कुठे ठेवत होती कोण जाणे, आमची खोली ती केवढी.

थोडं पुढे जंगलखात्याचा रखवालदार झाडाखाली दाढी करत बसला होता. आरसा फांदीला टांगलेला.

"कुठं?" तो अर्ध्या साबणातून म्हणाला.

"फुलं बघायला."

"काय बघायला?" तो हसलाच. "अहो, इथं लोक लाकडं चोरायला येतात, दारू गाळायला येतात. फुलं बघायला आलेले तुम्हीच पहिले." मग वस्तरा माझ्याकडे रोखून म्हणाला, "होळी जवळ आलीय. झाडाबिडाला हात लावलात तर सरळ आत टाकीन. दरवर्षी खालचे लोक येतात आणि चांगली वाढलेली झाडं घेऊन जातात. ढोल वाजवत नेतात, जशी काय नवरी चाललीय."

वयनीला रागच आला. "आमी झाडां कित्याक तोडू?" ती म्हणाली. "आमचा थंय माणूस आसा."

रखवालदाराला काही कळलं नाही. त्याने जा म्हणून हात केला. मी मान खाली घालून पुढे झालो.

पळसाची चढण

आता फुलांचं लिहितो, नाहीतर सेक्रेटरी म्हणेल वचन मोडलं.

पहिल्या चढणीवर सगळा पळस होता. पान नाही, फांद्या काळ्या वेड्यावाकड्या, आणि त्यांच्यावर केशरी फुलांचे घोस. खाली वाटेवर इतका सडा की पाय कुठे टाकावा कळेना. वयनी फुलांवर पाय पडू नये म्हणून कडेकडेने चालायची, त्यामुळे आमची गती बैलगाडीची झाली होती. मध्ये मध्ये पांगारे होते, त्यांच्यावर मैनांची भांडणं चाललेली. करवंदीच्या जाळ्यांना पांढरी बारीक फुलं आली होती आणि त्यांचा वास असा गोड की भरल्या पोटीही भूक लागावी. कारवी दोन वर्षांमागे फुलून मेली होती, तिच्या वाळक्या काठ्या वाऱ्याने एकमेकींवर आपटत होत्या.

"गावाक ह्या दिसांत काजी लागतत," वयनी म्हणाली. "आंब्याचो मोर, फणसाचे कुयरे. सगळा खावचा. हयसर नुसती फुलां." मग थोड्या वेळाने, "पण बरी जागा आसा रे. बरी बघलास तुमी."

मी तिच्या पुढे चालत होतो ते तिला माझं तोंड दिसू नये म्हणून. ती मागून बोलत होती, खुशीत होती, चपलेची सुतळी चटक चटक वाजत होती. दादा गेल्यापासून ती इतकी कधी बोलली नव्हती.

आता ती सावर कशी गेली ते सांगतो. तुमच्यातल्या अकरा जणांना ते माहीतच आहे. माहीत नाही ते एवढंच, की त्या झाडाखाली काय होतं.

गावी आपण होळी आंब्याची घालतो. मुंबईत आंबा कोण तोडू देणार? म्हणून आपल्या चाळीने डोंगरातली सावर धरली. नियम मात्र गावचेच. झाड निवडायचं, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, गाऱ्हाणं घालायचं. एकदा गाऱ्हाणं घातलं की ते झाड होळीचं. ते सोडून दुसरं धरायचं नाही, रिकाम्या हाताने परत यायचं नाही, आणि नेताना वाटेत जमिनीला टेकवायचं नाही. त्या वर्षी होळी पेटवायचा मान आमच्या खोलीला, म्हणजे दादाला होता. त्यामुळे झाड दणदणीत हवं असा माझाच आग्रह. मीच सगळ्यांना ओढ्याच्या वर वर नेलं. आठ वर्षांत त्या बाजूला फिरकलो नव्हतो. रानाची वाट बदलली होती, गवत माजलं होतं, आणि आम्ही उलट बाजूने वर चढलो होतो. एवढी मोठी सावर बघून सगळे ओरडले, हीच! मीही ओरडलो.

तात्यांनी नारळ फोडला. आणि करवंटीचा एक तुकडा उडून गवतात पडला तो उचलायला मी वाकलो, तर तिथे तीन धोंडे.

तात्यांचं गाऱ्हाणं सुरू झालं होतं. "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज होळी न्हेवक इली हत, तेंका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मी धोंड्यांकडे बघत होतो. तात्या म्हणाले, "काय चुकला माकला तर पदरात घे रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" आणि मीही म्हणालो. माझ्या तोंडाने म्हणालो.

'थांबा' एवढाच शब्द बोलायचा होता. दहा जण तरी माझ्यावर उखडले असते, तात्यांनी अपशकुन म्हणून डोक्याला हात लावला असता, कारण सांगावं लागलं असतं. ते सगळं मला त्या क्षणी फार वाटलं. मी लाजलो, दुसरं काही नाही. पहिला घाव दुसऱ्या कुणी घातला, तिसरा का चौथा मी घातला.

फुललेली सावर

मी वयनीला फसवायचं ठरवलं होतं. आधीच्या रविवारी एकटाच वर येऊन गेलो होतो. जुन्या जागेच्या बरंच खाली, ओढ्याच्या काठी, दुसरी एक सावर आहे. ती मी हेरली आणि ओढ्यातले तीन धोंडे उचलून तिच्याखाली मांडले. तिला काय कळणार होतं? तिने कधी काही पाहिलंच नव्हतं. एसटीत बसण्याआधी तिने एक फुललेलं झाड बघावं आणि समाधानाने जावं, एवढंच माझ्या मनात होतं. निदान मी स्वतःला तसं सांगत होतो.

सावर भरात होती. तळव्याएवढी लाल जाड पाकळ्यांची फुलं, थोड्या थोड्या वेळाने एखादं धप्पकन खाली पडायचं. वर कोतवाल आणि बुलबुलांचा दंगा.

"हीच," मी म्हणालो.

वयनीने चपला लांब काढून ठेवल्या. धोंड्यांपाशी बसली, कुंची उलगडून मधल्या धोंड्यावर घातली, तिच्या नाड्या सारख्या केल्या. मग बाटलीतलं दूध हळूहळू मातीवर ओतलं. ते ओतताना ओठांत काहीतरी पुटपुटत होती, बहुतेक अंगाई असेल. मी तोंड फिरवून उभा राहिलो. चौदा वर्षांपूर्वी दादा उभा होता तसा.

एवढ्यात ओढ्यातून एक बाई वर आली. वरच्या पाड्यावरची वारली, पन्नाशीची, डोक्यावर सावरीच्या कळ्यांची पाटी. त्या कळ्यांची ते लोक भाजी करतात. बुधी नाव, ते नंतर कळलं. तिने वयनीकडे पाहिलं, दुधाकडे पाहिलं.

"कोन ठेवलाय हितं, बाय?"

"माझो झील," वयनी म्हणाली. "चवदा वर्सां झाली."

मी बुधीला डोळ्यांनी खुणावत होतो, पण ती माझ्याकडे बघेल तर ना. आणि बघितलं तेव्हा ओळखलंच. "हा तर गेल्या ऐतवारी आला होता," ती म्हणाली. "ह्यानंच मांडले हे धोंडे. मला वाटलं चूल मांडतोय."

वयनीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने कुंची उचलून मांडीवर घेतली आणि मधला धोंडा दोन्ही हातांनी उलटा केला. खाली सावरीचं एक फूल चेपलेलं होतं. काळं पडलं होतं, पण यंदाचंच होतं.

माझी वाट लागली. असं वाटलं की ओढ्यात उडी टाकावी, तर ओढ्यात घोटाभर पाणी.

"बाय, पोर पुरलेली सावर वर होती," बुधीच सांगायला लागली. तिच्या आवाजात वाकडं काही नव्हतं, एखाद्याला वाट सांगावी तसं सांगत होती. "थोरली सावर. तिच्याखाली पण तीन धोंडे. आम्हाला ठावं होतं कुणाचं तरी पोर हाय म्हून, आमची ढोरं आम्ही तिथं बांधत नव्हतो. मग तुमच्या खालच्या लोकांनी तोडली. होळीला नेली."

वयनी उठली. "माका थंय न्हे," ती म्हणाली. मला नव्हे, बुधीला.

ओढ्याच्या वर

पाव तासाची खडी चढण. पुढे बुधी, मध्ये अनवाणी वयनी, मागे तिच्या चपला हातात घेऊन मी.

बुंधा होता, माझ्या कमरेएवढा, वाळवीने पोखरून निम्मा वारूळ झालेला. सभोवती पळस नुसते पेटलेले, पण या बुंध्याला एक धुमारा फुटलेला नव्हता. आणि धोंडे होते. माझे, मी मांडलेले. पण ते काळेकुट्ट झाले होते. खाली राख, कोळसे, कोंबडीची हाडं. पिकनिकला येणाऱ्या कुणीतरी तीन धोंडे बघून आयती चूल समजून त्यावर स्वयंपाक केला होता. एकदा नव्हे, बरेचदा, इतकी काजळी धरली होती.

वयनी खाली बसली. हाडं वेचून लांब टाकली, राख हाताने लोटली आणि मग पदर भिजवायला पाणी नव्हतं म्हणून कोरड्याच पदराने धोंडे पुसायला लागली. काजळी निघत नव्हती. तिची पांढरी साडी काळी होत होती. मी पुढे झालो तर न बघता म्हणाली, "हात लावू नको."

मग तिने विचारलं, "कोणी तोडल्यान?"

"आम्ही. चाळीतल्यांनी. मी होतो."

"धोंडे बघललस?"

"बघितले."

"आधी की मागसून?"

इथे खोटं बोलता आलं असतं. नंतर बघितले म्हणालो असतो तर कुणाला कळणार होतं? पण त्या दिवशीचं माझं खोटं संपलं होतं. "आधी," मी म्हणालो. "नारळ फुटला होता, गाऱ्हाणं चाललं होतं. मला लाज वाटली."

"खंयच्या वर्सा?"

"दादाचा मान होता त्या."

ती मनाशी आठवत होती. मला दिसत होतं ती काय आठवतेय ते. मान आपल्या खोलीचा म्हणून होळी आपल्याच दारासमोर उभी केलेली. पहिली पूजा घरच्या सवाष्णीची. वयनी हिरवं लुगडं नेसली होती. तिने त्या खोडाला हळदकुंकू लावलं, पाच फेरे घातले, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. खोडावरच्या काट्यांना तिचा पदर अडकला होता आणि सगळ्या बायका हसल्या होत्या.

"म्हणजे घराक इल्लो तो," वयनी म्हणाली. "मी तेका निवेद दाखयलंय." मग धोंड्यांकडे बघत, "आणि पेटयल्यान तेच्या बापाशीन."

तिला तेव्हा रडू आलं. इतकं मोठ्याने की बुधीने पाटी खाली ठेवली आणि तिला धरून बसली. मी चौदा वर्षांपूर्वी तिला दारात तसं रडताना ऐकलं होतं. मी उभाच. रडायलाही मला तोंड नव्हतं.

पाडा

बुधीने आम्हाला तिच्या झोपडीत नेलं. गूळ घातलेला कोरा चहा दिला, तांदळाची भाकरी आणि त्या कळ्यांची भाजी पुढे ठेवली. भाजी जराशी बुळबुळीत, मिरचीने जाळणारी. मी एकच घास खाल्ला. वयनी भाकरीचा तुकडा हातात धरून बसली होती.

बुधी तिला म्हणाली, "तू कशी नाय आलीस तवा? आई नको?"

"आमच्यात बायकांनी जावचा नसता."

"माझी दोन गेली," बुधी म्हणाली. "दोन्ही मीच ठेवली. मीच खनलं. दुसऱ्याच्या हातात दिलं तर दुसरा इसरतो."

ती मला लावून बोलली नव्हती. ती तिचं सांगत होती. पण मला ती भाजी गिळवेना.

निघताना वयनीने कुंची बुधीच्या हातात दिली. कुणाकडे तान्हं असेल त्याला घाल, म्हणाली. बुधीने ती घेतली, गालाला लावून बघितली, आणि आत ठेवून आली.

उतरताना वयनी पुढे आणि मी मागे. पळस तसाच होता. फक्त या खेपेला ती वाटेच्या मधून चालत होती आणि पायाखाली काय येतंय ते बघत नव्हती.

नाक्यावर

मंगळवारी मी तिला नाक्यावर एसटीत बसवायला गेलो. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नव्हती. बायकोला वाटलं सगळं सोडून जातेय म्हणून गप्प असेल. ट्रंक टपावर चढवली, वळकटी सीटखाली सारली, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. गाडी सुरू झाल्यावर तिने मला हाताने जवळ बोलावलं.

होळी आणताना खांद्यावर पोतं घेतात, तरी सावरीचे काटे घुसतातच. ती सावर आणली त्या वर्षी सगळ्यात पुढे मी होतो आणि माझा उजवा खांदा फाटून शर्ट रक्ताने भिजला होता. घरी आलो तशी वयनीने हळद कुटली आणि खांद्याला थापली. असा कसा रे वेडा, म्हणाली. फुंकर घालत होती.

खिडकीतून ती म्हणाली, "तुझ्या खांद्याक हळद मीच लायलंय, बाबल. तेव्हा तरी माका सांगूक होया होता."

गाडी हलली. तिने काच ओढून घेतली. आई पत्र पाठवते त्यात तिचं बरं आहे असं असतं. ती स्वतः एक ओळ लिहीत नाही. पूर्वी मे महिन्यात गावी जायची तेव्हा आंब्यांच्या करंडीत माझ्यासाठी वेगळी पुडी बांधायची, यंदाच्या करंडीत नव्हती.

यंदाही आपली होळी झाली. मी गाऱ्हाण्याला उभा होतो, सवयीने. तात्या म्हणाले, काय चुकला माकला तर पदरात घे रे म्हाराजा, आणि सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. सेक्रेटरी माझ्या शेजारी होता. त्याने मला कोपर मारलं, कारण मी बोललो नाही. का ते आता त्याला कळेल.

कुणाला जायचं असेल तर फाल्गुनात जा. उन्हं चढायच्या आत निघा, पाणी बरोबर घ्या, जाड चपला घाला. रखवालदाराला फुलं बघायला चाललो म्हणून सांगा, तो हसेल पण सोडेल. पळस पहिल्याच चढणीवर आहे, तो बघितल्याशिवाय परत फिरू नका. ओढ्याच्या बरंच वर गेलात तर एक वाळवी लागलेला बुंधा लागेल. त्याच्यापाशी तीन काळे धोंडे आहेत. ते चुलीचे नाहीत. तिथे जाळ करू नका.